झेन म्हणजे काय, ते कीर्द-खतावणीच्या भाषेत

माझे बाबा सांगलीच्या हळद पेठेत दिवाणजी (हिशेब लिहिणारे) होते, एकाच अडत दुकानात एकतीस वर्षं, आणि मी आता मार्केट यार्डातच दुसऱ्या एका दुकानात कॉम्प्युटरवर टॅली करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं झेन समजावताना मी सारखी हिशेबावर घसरणार आहे आणि कुणीतरी म्हणणारच की बाई तुम्ही ध्यानाचं सांगताय का जीएसटीचं. पण खरं सांगू का, झेनवर मी आधी बरंच काही वाचलं, व्हिडिओ पाहिले, त्यात बांबू, गुळगुळीत दगड, मागं बासरी, आणि डोक्यात काडीचं शिरलं नाही. शिरलं ते बाबांच्या भिजलेल्या वह्यांमुळं. तिथपर्यंत येतेच.

आधी झेन म्हणजे काय तेवढं उरकू. शब्द मूळचा आपलाच आहे. संस्कृतात ध्यान, पालीत झान, चीनला गेल्यावर चान आणि जपानात झेन, म्हणजे माहेरचं नाव सासरी जाऊन बदललं इतकंच. परंपरा असं सांगते की बोधिधर्म नावाचा भिक्खू दक्षिण भारतातून पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला चीनला गेला आणि तिथं नऊ वर्षं भिंतीकडं तोंड करून बसला. (नऊ वर्षं! मला नवव्या मिनिटाला गॅस बंद केला का नाही ते आठवतं.) पुढं जपानचा एइसाई चीनला जाऊन ११९१ ला परत आला त्याने रिंझाई पंथ आणला, आणि डोगेन नावाचा तरुण १२२३ ला गेला न १२२७ ला परतला, त्याने सोतो. दोन्हीत बसणं आहेच, पण रिंझाईत गुरू तुम्हाला कोडं देतो, त्याला कोआन म्हणतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं अठराव्या शतकातल्या हाकुइनचं, एका हाताचा आवाज कसा असतो. आपल्याकडं भांडण मिटवायला आलेली प्रत्येक आत्या म्हणते की एका हातानं टाळी वाजत नाही, आणि तिकडं नेमका तोच प्रश्न घालून माणसाला महिनोन्महिने बसवतात. कोआनचं मी इथंच सोडते, ते गुरूशिवाय करायचं काम नाही आणि सांगलीत मला कुणी भेटलेलं नाही.

सोतोमध्ये कोडंबिडं नाही. नुसतं बसायचं. आता इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस करून आलेलं कुणीतरी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतंच, तर त्यांना पटकन कळावं म्हणून फरक सांगते. तिथं डोळे मिटून डोक्यापासून पायापर्यंत अंगातल्या संवेदना बघत जायचं असतं. झेनमध्ये डोळे अर्धे उघडे, नजर खाली तीन-चार फुटांवर जमिनीवर टेकवलेली, आणि काही शोधायचं नाही. कावळा ओरडला तर ओरडला, शेजारी मिक्सर लागला तर लागला.

बसायचं कसं, तर चादरीच्या चार-पाच घड्या करून ती फक्त बुडाखाली घ्यायची म्हणजे गुडघे खाली उतरतात आणि कंबर आपोआप ताठ होते, डावा तळहात उजव्यावर, दोन्ही अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. हे अंगठे म्हणजे फार हुशार आहेत, आपण विचारात वाहत गेलो की ते एकतर गळतात नाहीतर एकमेकांवर दाबले जातात, आपल्या आधी त्यांना कळतं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ टेकू नका म्हणजे झालं. श्वास बाहेर सोडताना मनात एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत, मग परत एक. मधे कुठं हरवलं की चिडायचं नाही, एकपासून सुरू. मी गेली पाच वर्षं करतेय, सलग दहा आले असे दिवस कमीच. मठांमधे वेळ उदबत्तीवर मोजायचे, एक उदबत्ती संपली की एक बैठक. मी पण मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवते आणि देवघरातली अर्धी मोडलेली उदबत्ती लावते, आमच्याकडं साडेपाचला नळाला पाणी येतं त्याच्या आधी ती संपते. अर्धी पुरे.

आता वह्यांचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या जुन्या घरात पाणी स्वीचबोर्डच्या वर चार बोटं चढलं होतं. पावसाळ्यात सांगलीचा माणूस सकाळी उठून आधी विचारतो आयर्विनला (म्हणजे कृष्णेवरच्या पुलाला) किती फूट, चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, तेवढं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, पण त्या वर्षी आकडा ऐकून कुणाला खरंच वाटेना. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो तर खालच्या कपाटात बाबांच्या जुन्या वह्या, लाल कापडी बांधणीच्या, फुगून एकमेकींना चिकटलेल्या. बाबा तेव्हा नव्हते. मी त्या गच्चीवर वाळत घातल्या, बऱ्याच गेल्याच, पण एका कीर्दीचं, म्हणजे रोजच्या हिशेबवहीचं, पान सुटं होऊन निघालं. जमा, नावे, पोत्यांचे आकडे, हमाली, तोलाई, आणि खाली तपशिलाच्या जागी बाबांच्या बारीक अक्षरात: दु. ३ वा. पाऊस. सौदे बंद. चहा २.

मी ते वाचून तशीच उभी राहिले. त्या दुपारी बाबांना काय वाटलं, धंदा बुडाला म्हणून शेठ बोलले का, दुसरा चहा कुणासाठी होता, काही नाही. तरी ती दुपार दिसत होती.

ज्यांना हिशेबाच्या वह्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी. कीर्द म्हणजे रोजची वही, जे ज्या क्रमाने घडलं ते त्या क्रमाने लिहायचं, पैसे आले जमा, गेले नावे, रात्री श्री शिल्लक काढायची आणि ती गल्ल्यातल्या रकमेशी जुळली पाहिजे. खोडाखोड चालत नाही, चुकलं तर उलट नोंद करायची पण चूक तिथंच दिसत राहणार. खतावणी ही वेगळी वही, तिच्यात माणसावार खाती असतात, कीर्दीतल्या नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायच्या म्हणजे अमक्याकडं किती येणं आहे ते एका नजरेत कळतं. नियम एकच, कीर्दीत नाही ते खतावणीत येऊ शकत नाही.

आणि आपण डोक्यात काय करतो? कीर्द लिहीतच नाही, डायरेक्ट खतावणी. प्रत्येक माणसाच्या नावाचं खातं उघडलेलं आहे, जावेचं, साहेबांचं, शेजारणीचं, स्वतःचं तर सगळ्यात जाड, आणि दिवसभरात काहीही झालं की ते नीट बघायच्या आधीच उचलून कुणाच्या तरी नावे टाकतो. वर मागच्या पानावरची शिल्लक पुढं ओढलेली असतेच, कधीकधी वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या मानपानापासूनची.

झेन मला समजलं ते एवढंच, की आधी कीर्द लिही. बसणं म्हणजे सुद्धा तेच, कावळा, नोंद, गुडघा, नोंद, जावेचा राग आला, नोंद, पुढं. खात्यावर टाकायचं नाही.

पण मग एक अडचण येते आणि ती खरीखुरी अडचण आहे. झेनवाले स्वतःच सांगतात की आमची परंपरा अक्षरांवर उभी नाही, बोट चंद्राकडं दाखवतंय तर चंद्र बघ, बोट काय बघतोस. मग वही-पेन कशाला? गंमत म्हणजे अक्षरांवर उभी नाही म्हणणाऱ्या या लोकांनी पोत्यानं लिहून ठेवलंय, एकट्या डोगेननंच केवढं. आणि याचं उत्तर डोगेननंच स्वयंपाक्यांसाठी १२३७ ला जे लिहिलं त्यात एका आचाऱ्याच्या गोष्टीत दिलंय, ती मला फार आवडते.

१२२३ साल, डोगेन तेवीस वर्षांचा, जहाज चीनच्या बंदरात लागलंय पण तो अजून जहाजावरच आहे. तिथं साठी ओलांडलेला एक भिक्खू येतो, लांबच्या मठातला आचारी, जपानी व्यापाऱ्यांकडनं वाळलेले मशरूम घ्यायला, कारण दुसऱ्या दिवशी मठात सगळ्यांना काहीतरी चांगलंचुंगलं करून घालायचंय. डोगेन म्हणतो आज राहा की, गप्पा मारू. आचारी म्हणतो छे, उद्याचं जेवण माझ्या हातचं आहे. डोगेन म्हणतो अहो एवढं वय झालं तुमचं, ध्यान करायचं, ग्रंथ वाचायचे, ते सोडून स्वयंपाकाचं काय घेऊन बसलात, दुसरं कुणी करेल. त्यावर म्हातारा खदखदून हसतो आणि म्हणतो, परदेशी पाहुण्या, साधना म्हणजे काय तुला कळलेलं नाही, आणि अक्षर म्हणजे काय तेही नाही. पुढं दोनेक महिन्यांनी दोघं परत भेटतात तेव्हा डोगेन विचारतो की सांगा आता, अक्षर म्हणजे काय. आचारी म्हणतो, एक, दोन, तीन, चार, पाच. आणि साधना म्हणजे काय? जगात काहीच लपलेलं नाही.

आता मोठमोठे लोक याचे मोठमोठे अर्थ लावतात, लावोत. मी दिवाणज्याची पोरगी, मला एक दोन तीन चार पाच म्हटल्यावर एकच दिसतं, पोती मोजणं. अक्षर हे मोजून ठेवण्यापुरतं, बढाई मारायला नाही. तसं लिहिलं तर बोट आणि चंद्राचं भांडण उरत नाही.

असं लिहिणारा एक माणूस जपानात होऊन गेला, मासाओका शिकी. हायकू (तीन ओळींची छोटी कविता) हे नाव आज ज्या अर्थानं आपण वापरतो तो त्यानं रूढ केला, आपल्याकडं शिरीष पै यांनी मराठीत हायकू आणली तिचं गोत्र तिथं लागतं. तो भिक्खू नव्हता, वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस, आणि त्याला मणक्याचा क्षय झाला. शेवटची काही वर्षं अंथरुणातच, कूससुद्धा वळवता येईना, वेदना एवढ्या की ओरडायचा. त्याचं म्हणणं असं होतं की चित्रकार जसा समोर बसून रेखाटतो तसं लिहावं, जसं दिसलं तसं. आणि त्याला दिसत काय होतं, तर अंथरुणातून बागेचा एक तुकडा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी फुलं, आणि मांडवावर चढलेला घोसाळ्याचा वेल. घोसाळं हो, आपण भजी करतो तेच, तिकडं त्याच्या वेलीचं पाणी कफावर औषध म्हणून घ्यायचे. तो रोज काय खाल्लं ते पण लिहायचा, किती वाट्या भात, कसलं लोणचं, कुठलं फळ. वाचताना आधी वाटतं हे काय किराणा यादी, आणि मग हळूहळू लक्षात येतं की मरायला टेकलेला माणूस आज लोणचं चांगलं लागलं एवढंच लिहितोय आणि ते खोटं नाही. १९०२ च्या जूनमध्ये त्यानं लिहिलंय की झेनमधला साक्षात्कार म्हणजे कुठल्याही प्रसंगी शांतपणे मरता येणं असं मी समजत होतो, ते चुकलं, कुठल्याही प्रसंगी शांतपणे जगता येणं म्हणजे साक्षात्कार. सप्टेंबरमध्ये गेला, चौतीस वर्षांचा. शेवटच्या हायकू पण घोसाळ्यावरच आहेत.

तर प्रत्यक्ष कसं लिहायचं. बसून उठलं की लगेच, नळ यायच्या आत, किंवा दुपारी दुकानात, पाच ओळी, शंभर पानी वही आणि साधा बॉलपेन. भारीतली डायरी घेऊ नका, तिच्यात माणूस शहाण्यासारखं लिहायला लागतो. काय दिसलं, काय ऐकलं, काय खाल्लं, कोण काय म्हणालं, अंगात कुठं काय झालं. म्हणून, कारण, नेहमीच, कधीच, मुद्दाम हे शब्द आले की समजायचं खतावणी उघडली.

माझ्याच वहीतलं सांगते. पहिल्या वर्षी मी असं लिहायचे: आज जाऊबाईंनी परत मला टाळलं, गणपतीतही असंच केलं होतं, त्यांना माझी नोकरी खुपते, मीच मूर्ख दरवेळी आपण होऊन फोन करते.

यात घडलेलं किती आहे बघा. एक. फोन उचलला नाही. बाकी सगळी मागची शिल्लक.

तोच दिवस नंतर मी परत लिहून बघितला: ११.२० ला जाऊबाईंना फोन. आठ रिंगा. उचलला नाही. कान गरम झाले. समोर नमुन्याच्या पिशवीच्या सुतळीला गाठ होती, ती सोडवत बसले, नखात हळद. चहा आला, प्यायले नाही, साय धरली.

राग गेला का, तर नाही गेला. पण त्याची रक्कम कळली. आठ रिंगा आणि एक कप चहा, एवढ्याचा राग. मी तोवर घर विकल्याएवढा धरून चालले होते. (दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, लिंबाचं लोणचं घातलंय, बरणी पाठवू का. तेही लिहिलं. फोन का उचलला नव्हता ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.)

इथं कुणी म्हणेल की मग खतावणी वाईटच का. तसं अजिबात नाही, बाबांनी ऐकलं असतं तर चिडले असते. माणसाला कधीतरी कळायला पाहिजे की कुणाशी आपलं काय चाललंय, आणि त्यासाठी खाती लागतातच. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सँड्रा बील यांच्याबरोबर १९८६ ला एक प्रयोग छापला, कॉलेजच्या पोरांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं, काहींना फालतू विषयावर, काहींना आयुष्यातल्या मोठ्या धक्क्यावर. ज्यांनी धक्क्याबद्दल काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या बाकीच्यांपेक्षा कमी झाल्या. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं नाही, उलट जास्त वाईट वाटत होतं, हे कुणी सांगत नाही. नंतर त्यांनी असंही दाखवलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारण, त्यामुळं, लक्षात आलं अशा धर्तीचे शब्द वाढत गेले त्यांना फायदा जास्त. म्हणजे जे शब्द मी वर टाळायला सांगितले तेच!

मला यात भांडण दिसत नाही, क्रम दिसतो. बाबा दिवसभर कीर्द लिहायचे आणि खतावणी नंतर, कीर्द समोर उघडी ठेवून, बोट ओळीवर ठेवून. मी पण महिन्याच्या शेवटी एका रविवारी महिन्याभराची पानं वाचते आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते की यात काय दिसतंय. मागं एकदा दिसलं की कान गरम झाल्याच्या नोंदी बहुतेक सगळ्या अकरा ते बाराच्या मधल्या आहेत, म्हणजे नाष्टा न करता गेलेल्या दिवशीच्या. जाऊबाईंच्या खात्यावरची अर्धी रक्कम तिथंच वजा झाली. ज्यांना खरंच खोल काही झालंय, झोप नाही, जीव नकोसा वाटतो, त्यांनी मात्र वहीच्या भरवशावर राहू नये, डॉक्टरकडं जावं, हे ध्यान-बिन त्याला पर्याय नाही.

राहिलं रोजचं काम. झेन मठात कामाला सामू म्हणतात, झाडणं, सरपण, भाजी निवडणं, आणि ते बसण्याच्या बरोबरीचं मानतात. चीनमधला जुना गुरू बायझांग म्हातारा झाला म्हणून शिष्यांनी त्याची अवजारं लपवली तर तो जेवेना, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही. यावर प्रवचन नको, मी माझ्यापुरतं भडंग करताना बघते. तेल तापलं की शेंगदाणे, मग कढीपत्ता, मग ठेचलेला लसूण, आणि इथून पुढं साधारण दीड मिनिट असं असतं की दुसरीकडं बघायचं नाही. लसूण आधी पांढरा फेसाळतो, आवाज मोठा असतो, मग आवाज बारीक होत जातो आणि कडा तांबूस होतात, आवाज जवळजवळ थांबला की गॅस बंद, तिखट-मीठ-साखर बंद केल्यावरच, नाहीतर तिखट जळून घरभर खोकला. मग चुरमुरे. वीसेक वर्षं भडंग करतेय, पण लसणाचा आवाज बदलतो हे मला बसायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी ऐकू आलं. आधी मी रंग बघायचे आणि तोवर उशीर झालेला असायचा, मुलगा म्हणायचा आई आज पण कडू.

वहीत त्या दिवशी लिहिलंय: लसूण गप्प झाला. गॅस बंद. दोन किलो चुरमुरे.

शेवटी एक शंका सगळेच विचारतात, की खंड पडला तर काय. बाबांच्या कीर्दीत दुकान बंद असलं तरी तारीख टाकून पुढं बंद असं लिहिलेलं असायचं, कोरी जागा ठेवायचे नाहीत, कारण कोऱ्या जागेत नंतर कुणीही काहीही घुसडू शकतं. मी तेच करते. तारीख, आणि पुढं: बसले नाही. या जुलैमध्ये असे अकरा दिवस आहेत.